काशीआई दर्यात आहे

२९ सप्टेंबर

पान उघडलंच नाही!

दुपारी बाराला बंदरावर वादळाचा बावटा चढला आणि अख्ख्या कोळीवाड्याने एकदम फोन काढले. कोणती होडी दर्यात, कोणती घरी, एवढंच सांगणारं आमच्या मच्छीमार सोसायटीचं इंटरनेटवरचं पान. मी बनवलेलं. दोन वर्षं बायका सकाळ-संध्याकाळ ते बघतात, माझं कौतुक करतात. आणि आज, ज्या घडीसाठी ते बनवलं त्या घडीला, नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

ऑफिसबाहेर ही गर्दी. "किशोरी, तुजा पान न्हाय उघडत गं!" "माज्या धन्याची होडी बघ ना, बाय!" मी आत घामाघूम. सर्व्हर दोनदा बंद करून चालू केला. एक मिनिट चालायचा, परत मान टाकायचा.

भागोजीकाका — तीस वर्षं सोसायटीचे कारकून — उठले. कपाटातून जुनी वही काढली, पायरीवर जाऊन उभे राहिले. वायरलेसवर होड्या हाकणाऱ्या तांडेलांना पुकारायचे, उत्तर आलं की मोठ्याने सांगायचे. "रत्नसागर, येतेय! जयमल्हार, धक्क्याला लागली!" बायका कान देऊन ऐकू लागल्या. बावन्न होड्या बाहेर होत्या. साडेपाचपर्यंत बावन्नही आल्या. आमच्या विनेशदादाची 'हरेश्वर कृपा' सगळ्यात शेवटी. तोवर आई धक्क्यावर उभीच. बस म्हटलं तर बसेना.

सगळे आले. देवा, तुझे उपकार. त्या वहीचेही उपकार. माझे मात्र कुणावर नाहीत आज.

३० सप्टेंबर

वादळ वाटेतूनच दुसरीकडे वळलं. ऊन पडलंय. सुकत घातलेले बोंबील चमकतायत. मी तोंड लपवून.

१ ऑक्टोबर

चेअरमननी बोलावलं. चांगले आहेत, ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं. "पोरी, राग नको धरू. पन वहीच बरी. तिला रेंज लागत न्हाय."

मी मान हलवली.

तर भागोजीकाका कोपऱ्यातून म्हणाले, "महिनाभर द्या तिला. पयल्या वर्षी वही पन भिजली व्हती. तवा मला कोन काढला न्हाय."

बेलापूरच्या कंपनीने सत्तर जणांबरोबर मला घरी पाठवलं तेव्हा माझ्या बाजूने एक माणूस बोललं नव्हतं. आज एक बोललं. बाहेर येऊन चेहरा धुतला.

महिना मिळाला.

३ ऑक्टोबर

राहीला फोन केला. दोन वर्षांनी! कंपनीत माझी सिनियर होती. वाटलं, ओळखेल तरी का. पहिलं वाक्य, "किशू, मेली होतीस का?"

सगळं सांगितलं. जेवणाची सुट्टी तिने माझ्यासाठी खर्च केली. पनवेलची बाई, बोलणं एकदम फटकळ. "रडू नको. आधी मोज. पान एकदा उघडलं की डेटाबेसला किती प्रश्न जातात? किती क्वेऱ्या?"

"तीन-चार असतील."

"असतील नाही. मोज!"

तिने सांगितलेलं मोजणारं साधन बसवलं. पान ज्यावर उभं आहे त्या जँगो फ्रेमवर्कमध्ये ते दोन मिनिटांत बसतं, दोन वर्षांत मला सुचलं नव्हतं. पान उघडलं. आकडा बघून मी तो तीनदा वाचला. दोनशे साठ!

एक पान दाखवायला दोनशे साठ प्रश्न!

राही हसायला लागली. "टेम्प्लेट उघड. लूप आहे ना? आत काय लिहिलंयस वाच."

वाचलं. शाळेतल्या मुलीसारखं मोठ्याने वाचलं. होड्यांची यादी एकदा मागवते, ते ठीक. पण मग पान रंगवताना प्रत्येक होडीपाशी थांबते आणि पुन्हा डेटाबेसकडे धावते. हिचा तांडेल कोण? हिच्यावर खलाशी किती? हिचा शेवटचा निरोप कधीचा? शहाऐंशी होड्या, तीन-तीन प्रश्न. वर यादीचा एक आणि हवामानाच्या सूचनेचा एक. फ्रेमवर्क बिचारं निमूटपणे धावत होतं, तक्रार न करता. मी लिहिलेली ओळ इतकी साधी दिसते की तिच्यामागे एवढी पायपीट आहे हे कळतच नाही.

"तू बाजाराला कुठे जातेस?" राहीने विचारलं.

"बोर्लीला."

"मिठासाठी एकदा एस्टीने बोर्ली, परत घरी. मग मिरचीसाठी एकदा बोर्ली. मग कोथिंबिरीसाठी. असं करतेस?"

"नाही गं बाई!"

"मग यादी कर आणि एकदाच जा."

फोन ठेवताना म्हणाली, "परवा परत कर. आणि रोज जेवत जा." कोण कुणाचं एवढं करतं?

४ ऑक्टोबर

दोनशे साठच्या चार!!

होड्या आणि त्यांचे तांडेल एका फेरीत. खलाशी दुसऱ्या. निरोप तिसऱ्या. हवामानाची सूचना चौथी. बदल म्हणाल तर सहा ओळींचा. सोसायटीच्या जुन्या कॉम्प्युटरवरही पान बोट ठेवताक्षणी उघडलं. मी ओरडले तर भागोजीकाका दचकले, चष्मा शोधायला लागले.

त्यांना समजावलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हंजे एकाच हेलपाट्यात सगला आनला. मग आदी का न्हाय केलास?"

खरंच. का नाही केलं?

७ ऑक्टोबर

राहीचा दुसरा धडा. पान सगळ्यांना एकच दिसतं. मग दोनशे बायकांनी उघडलं तर दोनशे वेळा नव्याने रांधायचं कशाला? एकदा तयार झालेलं पान अर्धा तास झाकून ठेवायचं, येईल त्याला तेच वाढायचं.

केलं. आता वारा पण लागत नाही सर्व्हरला.

९ ऑक्टोबर

फजिती! दादा दुपारी घरी आला, अंघोळ केली, जेवायला बसला. आईने बांगड्याचं कालवण वाढलं. माझ्यासमोर फोन धरला. "बघ. तुजा पान बोलतंय मी दर्यात हाय. मग ह्यो भात कोन खातोय?"

आई हसून हसून भिंतीला टेकली. मीही हसले, पण आतून चरकले. भागोजीकाकांनी नोंद वेळेवर केली होती. झाकून ठेवलेलं पान जुनं होतं, तेच वाढलं जात होतं. इथे भात खाणारा माणूस होता म्हणून हसू आलं. उलटं झालं असतं तर? होडी बाहेर, आणि पान सांगतंय घरी?

जेवण अर्धं टाकून उठले. आता नवी नोंद पडली की झाकलेलं पान त्याच क्षणी फेकायचं, नवं बनवायचं. वही असती तर भागोजीकाकांच्या पेनाने शाई सुकायच्या आत खरं सांगितलं असतं. माझ्या पानालाही तेवढं यायला हवं.

दादा म्हणाला, "एवढा काय त्यात?" बिनलग्नाच्या दादाला काय माहीत, धक्क्यावरच्या बाईला अर्धा तास म्हणजे किती.

१३ ऑक्टोबर

आज साफसफाई. शहाऐंशीतल्या पंधरा होड्यांची वर्षभरात एकही नोंद नाही. काही विकल्या, काही मोडून सरपणाला गेल्या. वहीतून उतरवून घेताना मी सगळ्याच चढवल्या होत्या. उगीच ओझं. एक अट घातली: वर्षभरात निरोप नसेल ती होडी दाखवायची नाही. एकाहत्तर राहिल्या. सुटसुटीत!

सर्व्हरची नोंदवही पण चाळली. कोण काय उघडतं ते कळतं तिच्यात. एक गंमत. एकेचाळीस नंबरच्या होडीचं पान रोज सकाळी सहाच्या सुमाराला एकदा उघडलं जातं. रोज. श्रावणात, दिवाळीत, मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांतही. त्या होडीची तर वर्षानुवर्षं नोंद नाही. म्हणजे माणूस नाहीच, इंटरनेटवर भटकणारं एखादं यंत्र असणार. असली यंत्रं पानं उघडत फिरतात. गेली ती होडी पण यादीतून.

राहीला कळवलं. ती म्हणाली, "गाळायच्या आधी कुणाला विचारलंस?"

विचारायचं काय त्यात?

१४ ऑक्टोबर

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी ऑफिस उघडायला गेले तर पायरीवर नीराबाई बसलेली. खालच्या आळीतली. साठीची असेल. सुकी मासळी विकते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हातात फोन, पदरात गुंडाळलेला.

मला बघून उठली. "बाय, कोन गेलता?"

"कुठे, मावशी?"

"शोधाया. कोन गेलता? किती होड्या गेल्या? मला का न्हाय सांगितला?"

मला काही उमजेना. तिने फोन पुढे केला. पडद्यावर माझंच पान. पांढऱ्यावर काळं, मीच लिहिलेलं, पत्ता चुकला की दिसणारं एक ओळीचं उत्तर —

ही होडी सापडली नाही.

एकेचाळीस नंबर. काशीआई. आठ वर्षांपूर्वी गेली. नीराबाईचा मुलगा दिपेश तिचा तांडेल, बरोबर चार जण. मला माहीत होतं की! अख्ख्या गावाला माहीत आहे. मी तेव्हा बेलापूरला होते, बातमी फोनवर ऐकली होती. पण यादी साफ करताना माझ्यासमोर नाव नव्हतंच, नुसता एकेचाळीस आकडा होता.

वहीत काशीआईपुढे शेवटचा शब्द होता 'दर्यात'. तोच मी जसाच्या तसा उतरवला. आणि नीराबाई दोन वर्षं रोज सकाळी, चुलीवर चहा ठेवायच्या आधी, तो शब्द बघत होती. त्याआधी सहा वर्षं ऑफिसात येऊन वहीचं पान उघडून बघायची. भागोजीकाकांनी मला आज सांगितलं. "मी तिला पान काडून द्यायचो. बोलायचो न्हाय कवा."

आणि मी तिला यंत्र समजले.

तिला सगळं खरं सांगितलं. कुणी शोधायला गेलं नव्हतं. मी यादी आवरली, त्यात तिची होडी गेली, ते वाक्य माझं आहे, चूक माझी. वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती समुद्राकडे वळली. मग म्हणाली, "म्हंजे सापडली न्हाय असा कोनी न्हाय बोलला?"

"नाही मावशी. कोणीच नाही."

"बरा झाला." आणि माझ्याच गालावरून हात फिरवला!

त्याच बैठकीत होडी परत चढवली. विचार केला, निदान नीट शब्द तरी टाकावा. माझ्या डेटाबेसात दोनच आहेत, दर्यात आणि घरी. सरकारी कागदावर असतो तो शब्द सुचवला. "मावशी, बेपत्ता लिहू का?"

नीराबाईने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अडाणी आहे.

"बेपत्ता? पत्ता हाय की त्याचा. हितंच राहतो तो. खालच्या आलीत, पिंपलाच्या म्होरं."

'दर्यात' तसंच ठेवलं.

१५ ऑक्टोबर

तुळशी आली होती. नीराबाईची सून, दिपेशची बायको. दिवेआगरला एका घरगुती लॉजमध्ये पाहुण्यांचं जेवण बनवते. माझ्याच वयाची, एकतीस. होडी गेली तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं.

"थँक्यू म्हनाया आले," म्हणाली. "काल आय दिसभर जेवली न्हाय. आज सकाली नाव दिसला, मग चा प्याली."

मी म्हटलं, "तुळशी, माफ कर. आणि तुला काय वाटतं? ते नाव असावं की नसावं?"

तिला हे कुणी विचारलं नसावं. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"होडी दर्यात, मी घरात. दोगी तितंच." मग हसली. "आय हाय तवर आय म्हनंल तसा."

जाताना पिशवीतून चार नारळाच्या वड्या काढून ठेवल्या. आईला आवडतात हे तिला कसं ठाऊक?

१६ ऑक्टोबर

गाळलेल्या बाकीच्या चौदा होड्यांची यादी घेऊन भागोजीकाकांबरोबर दारोदार फिरले. एकेक विचारलं. अकरा काढा म्हणाले. तिघांनी राहू दे म्हटलं. एका म्हाताऱ्याने होडी मोडून त्या लाकडाचं छप्पर केलंय. "नाव राहू दे, बाय. डोक्यावर हाय माज्या ती."

त्या तीन परत चढवल्या. पंचाहत्तर होड्या, चार क्वेऱ्या. पान तेवढ्याच वेगात. ओझं नव्हतंच कधी. आकडा लहान दिसावा, एवढीच माझी हौस होती!

राहीला सगळं लिहिलं. तिचं उत्तर एका ओळीचं: "आता तू खरी सिनियर झालीस."

२५ ऑक्टोबर

परत बावटा!

सकाळी दहाला. फोन निघाले, पंचवीस, पन्नास, दोनशे. म्हसळ्याहून, मुंबईहून, जिथे जिथे गावची माणसं नोकरीला आहेत तिथून. मी पडद्याला डोळे लावून बसले.

आणि पान उघडत राहिलं. उघडतच राहिलं! भागोजीकाका वायरलेस घेऊन बसलेले, उत्तर आलं की मी नोंद करायची, आणि बाहेर पायरीवर दोन क्षणांत गलका, "आली! जयमल्हार आली!" वही त्यांच्या मांडीवर होती, उघडी. लिहीतही होते. म्हणाले, "दोगी असू दे. दोन डोले हायत ना मानसाला?"

चार वाजता एकच होडी राहिली. आमचीच. वायरलेसला उत्तर नाही.

खिडकीतून बघितलं तर आई पायरीवर, आणि तिच्या शेजारी नीराबाई. कधी येऊन बसली होती कोण जाणे. आईचा हात स्वतःच्या मांडीवर घेतलेला. दुसऱ्या हातात फोन. दोघी एकाच फोनकडे बघत होत्या. जरा लांब, खांबाला टेकून तुळशी. तिची नजर फोनवर नव्हती, पाण्यावर होती.

वीस मिनिटं. लिहायला वीस मिनिटं सोपं.

मग वायरलेस खरखरला. दादाचा आवाज! इंजिन अडलं होतं, आता चाललंय, खाडीच्या तोंडाशी आहे. धक्क्याला लागल्याशिवाय मी शब्द बदलला नाही. नियम माझाच. होडी लागली, दोर टाकला, तेव्हा बटण दाबलं. घरी.

बाहेरून पहिला आवाज नीराबाईचा. "आली! वाच, वाच, घरी लिवलाय!" आईला मिठी मारून रडली. तिची होडी नाही, तरी.

मी आत एकटी बसून कुणाकुणाचे आभार मानले. राहीचे, काकांचे, त्या चार क्वेऱ्यांचे, त्या पंपाच्या मिस्त्रीचे ज्याने दादाला इंजिन शिकवलं. यादी संपेना.

५ नोव्हेंबर

सोसायटीची सभा. पान राहणार! चेअरमन उभे राहून म्हणाले, "वही पन राहील, पान पन राहील, आनि किशोरी पन राहील." टाळ्या. भागोजीकाकांनी सगळ्यात उशिरापर्यंत वाजवल्या.

बेलापूरच्या एका कंपनीचं बोलावणं आलंय, राहीनेच नाव सुचवलेलं. तिला फोन करून नाही म्हटलं. ओरडेल वाटलं. म्हणाली, "मला माहीत होतं. तरी सुचवायचं असतं."

८ नोव्हेंबर

नीराबाई ऑफिसात आली. धुतलेलं लुगडं, केसांत अबोली. खुर्चीवर बसली. कधी बसत नाही.

"बाय, काशीआईचा शब्द बदल."

मी हातातलं काम सोडलं. "काय लिहू?"

"तुज्याकडं काय काय हाय?"

"दर्यात. नाही तर घरी."

"दोन्ही खोटा." जरा थांबली. "आली न्हाय. येवढंच लिव."

तिसरा शब्द डेटाबेसात घालायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मला अर्धा तास लागला. अक्षरं दिसत नव्हती. काका वही घेऊन उठले, तिच्यासमोर उघडली, आठ वर्षांपूर्वीच्या ओळीवर बोट ठेवलं. "हितं पन?" ती म्हणाली, "व्हय. हितं पन." काकांनी लिहिलं.

पान तिला दाखवलं. तिने एकेक अक्षर बोटाने वाचलं. रडली नाही. "तुजा भला होवो," म्हणाली आणि निघाली.

आत्ताच का? आठ वर्षं धरून ठेवलेली आशा सोडली का तिने? थकली? मागच्या वादळाने मोडली? माझ्याच त्या वाक्याने तर नाही ना? दिवसभर हेच. आईला सांगितलं तर ती बोंबील उलटायला उठून गेली.

१३ नोव्हेंबर

सकाळी नीराबाई आमच्या दारात. हातात नारळ. आईला म्हणाली, "तुज्या विनेशला मागाया आले. माज्या तुळशीसाठी."

दादा ओटीवर जाळं शिवत होता. सुई हातातच राहिली. मान खाली घालूनच एवढंच विचारलं, "तिला इचारलंस?"

"तिनंच धाडलाय मला."